बेर्था पापेनहाइम
बेर्था पापेनहाइम (२७ फेब्रुवारी, १८५९:व्हिएन्ना, ऑस्ट्रिया - २८ मे, १९३६:नॉय-इझेनबुर्ग, जर्मनी) या ज्यू समाजसेविका, लेखिका, अनुवादक आणि जर्मनीतील ज्यू स्त्रियांच्या चळवळीच्या संस्थापक नेत्या होत्या. मानसोपचाराच्या इतिहासात त्या आना ओ. या टोपणनावाने ओळखल्या जातात. वडिलांच्या आजारपणात आणि मृत्यूनंतर त्यांना जडलेल्या मानसिक व्याधीवर व्हिएन्नातील वैद्य योझेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात उपचार केले. रुग्णाने मनातील दुःख आणि आठवणी शब्दांत मांडाव्यात आणि उपचारकाने त्या ऐकून घ्याव्यात, या पद्धतीची सुरुवात याच उपचारात झाली, असे मानले जाते. पुढे सिग्मंड फ्रॉइड यांनी विकसित केलेल्या मनोविश्लेषणाचे मूळही अनेकदा येथेच शोधले जाते. मात्र या उपचाराने पापेनहाइम खरोखर बऱ्या झाल्या का, हा प्रश्न आजही वादाचा आहे.

बालपण आणि कुटुंब

बेर्था यांचे वडील सिगमुंड पापेनहाइम हे धान्याचे श्रीमंत व्यापारी होते. त्यांचे घराणे मूळचे प्रेसबर्ग (आजचे ब्रातिस्लाव्हा) येथील होते. आई रेखा ही फ्रँकफर्टमधील गोल्डश्मिट या प्रतिष्ठित घराण्यातील होती. कुटुंब सनातनी ज्यू परंपरेचे होते आणि घरात धार्मिक आचार काटेकोरपणे पाळले जात. बेर्था यांच्या दोन थोरल्या बहिणी होत्या. त्यांपैकी फ्लोरा ही बेर्था यांच्या जन्मापूर्वीच दोन वर्षांची असताना वारली, तर हेन्रिएटे ही १८६७ मध्ये क्षयाने मरण पावली. त्यावेळी बेर्था आठ वर्षांच्या होत्या. धाकटा भाऊ विल्हेल्म पुढे कायद्याचे शिक्षण घेऊन वकील झाला.

बेर्था यांचे शालेय शिक्षण मुलींच्या एका कॅथलिक शाळेत झाले. इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन या भाषा त्यांना उत्तम येत. सोळाव्या वर्षी शाळा संपल्यावर मात्र त्यांच्या शिक्षणाला पूर्णविराम मिळाला. त्या काळी व्हिएन्ना विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद होती. भावाला उच्च शिक्षण मिळत असताना बेर्था यांच्या वाट्याला भरतकाम, पियानो, घोडेस्वारी आणि लग्नाची वाट पाहणे एवढेच आले. तल्लख बुद्धीच्या या मुलीने कंटाळवाण्या दिनक्रमातून सुटका म्हणून दिवास्वप्ने पाहण्याची सवय लावून घेतली. घरकाम करता करता त्या मनात गोष्टी रचत. या सवयीला त्यांनी स्वतःचे खासगी रंगमंदिर असे नाव दिले होते. मुलींच्या शिक्षणातील हा भेदभाव हा त्यांच्या पुढील लेखनाचा आणि कार्याचा एक मुख्य विषय ठरला.

आजाराची सुरुवात

१८८० च्या उन्हाळ्यात पापेनहाइम कुटुंब इशल या थंड हवेच्या ठिकाणी राहत असताना वडील फुफ्फुसाच्या आवरणाच्या दाहाने गंभीर आजारी पडले. त्यांची शुश्रूषा आई आणि बेर्था या दोघींनी वाटून घेतली. रात्रीचे जागरण बेर्था यांच्याकडे असे. काही महिन्यांत त्यांची स्वतःची प्रकृती ढासळली. अन्नावरील वासना उडाली, अशक्तपणा वाढला आणि सततचा कोरडा खोकला सुरू झाला. या खोकल्यासाठी नोव्हेंबर १८८० मध्ये ब्रॉयर यांना प्रथम बोलावण्यात आले. वडिलांची सेवा करण्यास बेर्था यांना मनाई करण्यात आली आणि डिसेंबरमध्ये त्यांनी स्वतःच अंथरूण धरले.

पुढील काही महिन्यांत अनेक लक्षणे दिसू लागली. उजवा हात आणि नंतर दोन्ही पाय आखडले, दृष्टीत दोष निर्माण झाला, सापांचे आणि मृत्यूच्या कवट्यांचे भास होऊ लागले. दिवसातून काही वेळ त्या शांत आणि दुःखी असत, तर काही वेळ चिडखोर होऊन आसपासच्या माणसांवर उशा फेकीत. या दोन अवस्थांत जणू दोन वेगळ्या व्यक्ती वावरत असल्याचे ब्रॉयर यांना जाणवले. भाषेवरही परिणाम झाला. प्रथम व्याकरण विस्कटले, मग शब्द सापडेनासे झाले आणि सुमारे दोन आठवडे त्या पूर्णपणे अबोल राहिल्या. त्यानंतर मातृभाषा जर्मन हरवून त्या फक्त इंग्रजी बोलू लागल्या. फ्रेंच किंवा इटालियन पुस्तक वाचायला दिले असता त्या त्याचा अस्खलित इंग्रजी अनुवाद वाचून दाखवीत.

१ एप्रिल १८८१ रोजी त्या प्रथमच अंथरुणातून उठल्या. चारच दिवसांनी, ५ एप्रिल रोजी, वडिलांचा मृत्यू झाला. वडिलांची खरी अवस्था त्यांच्यापासून लपवण्यात आली होती आणि शेवटच्या काळात त्यांना भेटूही दिले गेले नव्हते. या धक्क्याने आजार बळावला. माणसे ओळखेनाशी झाली, अन्न त्या केवळ ब्रॉयर यांच्या हातून घेत आणि आत्महत्येचे विचार वाढले. त्यामुळे ७ जून १८८१ रोजी त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना व्हिएन्नाजवळील इन्झर्सडॉर्फ येथे हलवण्यात आले. शरद ऋतूत त्या व्हिएन्नाला घरी परतल्या.

बोलण्यातून उपचार

योझेफ ब्रॉयर (१८४२-१९२५) हे व्हिएन्नातील नामांकित वैद्य आणि शरीरक्रियाशास्त्राचे संशोधक होते. श्वसनाचे नियमन आणि कानातील तोल सांभाळणारी इंद्रिये यांवरील त्यांचे संशोधन मान्यता पावलेले होते. मनोविकारांसाठी त्या काळी विश्रांती, जलोपचार, विजेचे झटके आणि गुंगीची औषधे असे उपाय प्रचलित होते. हिस्टेरियाचे निदान झालेल्या स्त्रियांकडे अनेक वैद्य ढोंगी म्हणून पाहत. ब्रॉयर यांनी तसे केले नाही. ते जवळजवळ रोज येत आणि रुग्णाजवळ बराच वेळ बसत.

संध्याकाळी बेर्था आपोआप एक प्रकारच्या संमोहित अवस्थेत जात आणि दिवसा तोंडातून निघालेले तुटक शब्द पुन्हा पुटपुटत. तो शब्द कोणी समोर उच्चारला की त्या त्याभोवती गोष्ट सांगू लागत. या गोष्टी परीकथांच्या धाटणीच्या असत आणि त्यांत बहुधा आजारी माणसाच्या उशाशी चिंतेत बसलेली एक मुलगी असे. गोष्ट सांगून झाली की त्या शांत होत. एखाद्या दिवशी सांगणे राहून गेले तर दुसऱ्या दिवशी अस्वस्थता वाढे आणि दोन गोष्टी सांगाव्या लागत. वडिलांच्या मृत्यूनंतर गोष्टींची जागा भयानक भासांच्या वर्णनाने घेतली. या पद्धतीला नाव ब्रॉयर यांनी दिले नाही, तर स्वतः बेर्था यांनी दिले. त्यावेळी त्या इंग्रजीच बोलत असल्याने ती नावेही इंग्रजी होती. गंभीरपणे बोलताना त्या तिला टॉकिंग क्युअर, म्हणजे बोलण्याचा उपचार म्हणत आणि थट्टेने धुराडे साफ करणे म्हणत.

पुढे या पद्धतीला नवे वळण मिळाले. एका कडक उन्हाळ्यात तहान लागूनही बेर्था यांना पाणी पिता येईना. पेला ओठांना लागताच त्या तो दूर सारत. सुमारे सहा आठवडे त्यांनी कलिंगडासारख्या फळांवर काढले. एके दिवशी संमोहित अवस्थेत त्यांनी आपल्या इंग्रज सोबतिणीविषयीचा एक प्रसंग सांगितला. त्या बाईच्या कुत्र्याने पेल्यातून पाणी पिताना त्यांनी पाहिले होते आणि किळस येऊनही सभ्यपणा म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. दाबून ठेवलेला राग व्यक्त करून त्यांनी पाणी मागितले आणि भरपूर प्यायल्या. त्यानंतर ब्रॉयर यांनी प्रत्येक लक्षणाचा उलट क्रमाने मागोवा घेण्यास सुरुवात केली. ते लक्षण जेव्हा जेव्हा दिसले ते सर्व प्रसंग बेर्था शेवटापासून सुरुवातीपर्यंत सांगत आणि पहिला प्रसंग भावनांसह आठवला की लक्षण नाहीसे होई, असे ब्रॉयर यांनी नोंदवले आहे. १८८१-८२ च्या हिवाळ्यात त्या बरोबर एक वर्षापूर्वीचा काळ दिवसागणिक पुन्हा जगत होत्या. त्यांच्या आईने ठेवलेल्या रोजनिशीवरून त्या आठवणी पडताळून पाहता आल्या.

उजव्या हाताच्या आखडण्याचा उगम शेवटी एका रात्रीपर्यंत पोहोचला. वडील तापाने फणफणलेले होते, व्हिएन्नाहून शस्त्रवैद्य येण्याची वाट पाहिली जात होती आणि बेर्था उशाशी बसल्या होत्या. खुर्चीच्या पाठीवरून लोंबलेल्या उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. त्याच वेळी भिंतीतून एक काळा साप वडिलांकडे सरकत असल्याचा भास त्यांना झाला. त्याला हाकलण्यासाठी हात हलेना. प्रार्थना करायची तर शब्द सापडेनात. अखेर लहानपणीच्या काही इंग्रजी ओळी तेवढ्या आठवल्या. ७ जून १८८२ रोजी, इन्झर्सडॉर्फला नेल्याच्या वर्षपूर्तीच्या दिवशी, त्यांनी आपली खोली वडिलांच्या खोलीसारखी मांडून हा प्रसंग सांगितला आणि त्याच दिवशी उपचार संपले.

उपचारानंतरची वर्षे

ब्रॉयर यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात, पूर्ववत होण्यास बराच काळ लागला तरी त्यानंतर रुग्णाला उत्तम आरोग्य लाभले, असे म्हटले आहे. प्रत्यक्षातील कागदपत्रे वेगळे चित्र दाखवतात. जुलै १८८२ मध्ये, म्हणजे उपचार संपल्यानंतर सुमारे महिन्याभरातच, पापेनहाइम यांना स्वित्झर्लंडमधील क्रॉयट्झलिंगन येथील बेलव्ह्यू आरोग्यधामात दाखल करण्यात आले. रॉबर्ट बिन्सवांगर हे त्या संस्थेचे प्रमुख होते. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या तीव्र वेदनांसाठी त्यांना मॉर्फिन दिले जात असे आणि त्याची सवय लागली होती. झोपेसाठी क्लोरल हे औषधही चालू होते. संध्याकाळी जर्मन भाषा हरवण्याचे प्रकार तेथेही घडत. ऑक्टोबरच्या अखेरीस त्या तेथून बाहेर पडल्या, पण १८८३ ते १८८७ या काळात त्यांना आणखी तीन वेळा इन्झर्सडॉर्फ येथे राहावे लागले.

१८८३ मध्ये फ्रॉइड यांनी आपल्या वाग्दत्त वधूला, मार्था बर्नाइस यांना, लिहिलेल्या पत्रांत पापेनहाइम यांचा उल्लेख आहे. मार्था त्यांना ओळखत होत्या. रुग्णाची यातनांतून सुटका व्हावी म्हणून तिला मरण यावे असे ब्रॉयर यांना वाटत असल्याचे फ्रॉइड यांनी तेथे कळवले आहे. ब्रॉयर यांनी या रुग्णावरील उपचार पुन्हा हाती घेतले नाहीत.

सावरण्याची प्रक्रिया सावकाश घडली. क्रॉयट्झलिंगन सोडल्यावर पापेनहाइम काही काळ कार्ल्सरूहे येथे नातेवाइकांकडे राहिल्या. तेथे त्यांनी शुश्रूषेच्या वर्गात शिक्षण घेतले आणि चुलत बहीण आना एटलिंगर यांच्या प्रोत्साहनाने लेखनाकडे वळल्या. पूर्वी स्वतःशीच रचलेल्या गोष्टी आता कागदावर उतरू लागल्या. नोव्हेंबर १८८८ मध्ये त्या आईसोबत फ्रँकफर्टला कायमच्या राहायला गेल्या. आईच्या माहेरचे मोठे गोतावळे तेथे होते आणि त्यातील अनेक जण समाजकार्यात गुंतलेले होते.

लेखन आणि सामाजिक कार्य

पापेनहाइम यांचे मुलांसाठीच्या गोष्टींचे पहिले पुस्तक १८८८ मध्ये निनावी प्रसिद्ध झाले. १८९० मधील कथासंग्रहासाठी त्यांनी पाउल बेर्थोल्ड हे पुरुषी टोपणनाव घेतले. १८९९ मध्ये त्यांनी मेरी वुलस्टनक्राफ्ट यांच्या स्त्रियांच्या हक्कांवरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाचा जर्मन अनुवाद केला आणि त्याच वर्षी स्त्रियांच्या हक्कांवर एक नाटकही लिहिले. १९१० मध्ये त्यांनी हॅमेलनच्या ग्लिकल या सतराव्या शतकातील ज्यू व्यापारी स्त्रीच्या यिडिश आठवणींचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला. ग्लिकल ही त्यांची दूरची पूर्वज-नातलग होती.

१८९५ मध्ये फ्रँकफर्टमधील ज्यू मुलींच्या अनाथाश्रमाचे काम त्यांच्याकडे आले. पुढील १२ वर्षे त्यांनी ते सांभाळले. मुलींना केवळ लग्नासाठी तयार न करता स्वतःच्या पायावर उभे राहता येईल असे शिक्षण द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. १९०४ मध्ये त्यांनी ज्यू स्त्रियांचा संघ (यूडिशर फ्राउएनबुंड) स्थापन केला आणि १९२४ पर्यंत, म्हणजे सलग २० वर्षे, त्याचे अध्यक्षपद भूषवले. १९२० च्या दशकात या संघाची सदस्यसंख्या सुमारे ५०,००० होती.

गॅलिसिया, बाल्कन प्रदेश, तुर्कस्तान, पॅलेस्टाइन आणि इजिप्त येथे प्रवास करून त्यांनी मुलींच्या वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या व्यापाराची माहिती गोळा केली. दारिद्र्य, निरक्षरता आणि स्त्रियांना दुय्यम स्थान देणारे धार्मिक कायदे ही या व्यापारामागची कारणे त्यांनी दाखवून दिली. नवरा परागंदा झाल्याने घटस्फोट मिळू न शकणाऱ्या आणि म्हणून पुनर्विवाहही करता न येणाऱ्या ज्यू स्त्रियांचा प्रश्न त्यांनी धर्मगुरूंपुढे मांडला. या प्रवासातील पत्रे १९२४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

२५ नोव्हेंबर १९०७ रोजी फ्रँकफर्टजवळील नॉय-इझेनबुर्ग येथे त्यांनी एक आश्रयगृह सुरू केले. कुमारी माता, त्यांची मुले आणि शोषणाच्या धोक्यात सापडलेल्या मुली यांना तेथे आसरा, शिक्षण आणि घराचे वातावरण मिळे. समाजाने कलंकित ठरवलेल्या या मुलींचे नाव आणि पूर्वायुष्य चर्चेचा विषय होऊ नये, अशी काळजी घेतली जाई. पापेनहाइम यांनी लग्न केले नाही आणि हेच आश्रयगृह शेवटपर्यंत त्यांच्या कार्याचे केंद्र राहिले.

मनोविश्लेषणाविषयीचे मौन

फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत मनोविश्लेषणाच्या आरंभाचे श्रेय ब्रॉयर आणि त्यांच्या या रुग्णाला दिले. त्या काळात फ्रँकफर्टमध्ये पापेनहाइम यांचे नाव मोठे होते, पण आना ओ. म्हणजे त्याच, हे फार थोड्यांना माहीत होते. त्यांच्या चरित्रकार डोरा एडिंगर यांच्या मते, पापेनहाइम आपल्या आजारपणाविषयी कधीही बोलत नसत. आश्रयगृहातील मुलींवर मनोविश्लेषणाचा उपचार करण्याची सूचना पुढे आली असता त्यांनी ती ठामपणे नाकारली. हा उपचार दुधारी शस्त्र असून त्याचा परिणाम तो वापरणाऱ्यावर अवलंबून असतो, असे त्यांचे मत होते. या मौनामागे कटू अनुभव होता, की त्या काळी मनोविकाराशी जोडलेल्या कलंकाची भीती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

अखेरची वर्षे

१९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले. ज्यूंनी, विशेषतः मुलांनी आईवडिलांना सोडून, देशांतर करावे हे पापेनहाइम यांना प्रारंभी मान्य नव्हते. तरीही १९३४ मध्ये त्यांनी आश्रयगृहातील काही मुलांना स्वतः ग्लासगो येथे सुरक्षित पोहोचवले. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनंतर त्यांचे मत बदलले. त्याच सुमारास त्यांना गाठीचा असाध्य आजार जडला. १९३६ च्या वसंतात, आश्रयगृहातील एका मुलीने हिटलरविषयी काढलेल्या उद्गारांवरून गेस्टापोने त्यांना चौकशीसाठी बोलावले. गंभीर आजारी असूनही त्या चौकशीला हजर राहिल्या. २८ मे १९३६ रोजी नॉय-इझेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. फ्रँकफर्ट येथे आईच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी आश्रयगृहाची मुख्य इमारत जाळण्यात आली. १९४२ मध्ये ते बंद करून उरलेल्या रहिवाशांची छळछावणीत रवानगी करण्यात आली.

ओळख उघड होणे आणि नंतरचे संशोधन

ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या हिस्टेरियावरील ग्रंथात रुग्णाचे नाव लपवण्यासाठी बी. आणि पी. या आद्याक्षरांच्या आधीची अक्षरे, म्हणजे ए. आणि ओ., वापरण्यात आली होती. १९५३ मध्ये फ्रॉइड यांचे चरित्रकार अर्नेस्ट जोन्स यांनी खरे नाव प्रथमच छापले. एका रुग्णाची गोपनीयता मृत्यूनंतर अशी भंग केल्याबद्दल पापेनहाइम यांच्या निकटवर्तीयांनी निषेध नोंदवला. जोन्स यांनी आणखी एक कथा प्रचलित केली. तिच्यानुसार रुग्णाला ब्रॉयर यांच्यापासून गर्भ राहिल्याचा भास झाला, ब्रॉयर घाबरून पत्नीसह व्हेनिसला निघून गेले आणि तेथे त्यांच्या धाकट्या मुलीचा गर्भ राहिला. ही मुलगी प्रत्यक्षात मार्च १८८२ मध्ये, म्हणजे उपचार संपण्यापूर्वीच, जन्मली होती, हे पुढे सिद्ध झाले.

इतिहासकार हेन्री एलेनबर्गर यांना पापेनहाइम यांचे घोडेस्वारीच्या पोशाखातील एक छायाचित्र मिळाले. त्यावरील पुसट ठसा पोलिसांच्या प्रयोगशाळेच्या मदतीने वाचला असता ते १८८२ मध्ये कॉन्स्टान्झ येथे काढल्याचे दिसून आले. या धाग्यावरून ते जवळच्याच बेलव्ह्यू आरोग्यधामापर्यंत पोहोचले आणि १९७२ मध्ये त्यांनी तेथील नोंदी प्रकाशात आणल्या. १९७८ मध्ये अल्ब्रेख्ट हिर्शम्युलर यांनी ब्रॉयर यांच्या चरित्रात ही कागदपत्रे अधिक विस्ताराने दिली.

त्यानंतर आजाराच्या स्वरूपावर अनेक मते मांडली गेली. काहींनी अपस्मार किंवा मेंदूच्या आवरणाचा क्षय अशी शारीरिक कारणे सुचवली, काहींनी वियोगाचे दुःख आणि नैराश्य यांवर भर दिला, तर काहींनी मॉर्फिन आणि क्लोरलच्या परिणामांकडे लक्ष वेधले. स्त्रीवादी अभ्यासकांनी शिक्षण आणि स्वातंत्र्य नाकारलेल्या तरुणीची कोंडी हे आजारामागील महत्त्वाचे कारण मानले. मिकेल बोर्च-याकोबसेन यांच्यासारख्या टीकाकारांनी तर या उपचाराच्या यशाची कथाच नंतर रचलेली असल्याचे म्हटले आहे.

वारसा

समुपदेशन आणि मानसोपचाराच्या अभ्यासक्रमांत आना ओ. हे प्रकरण आजही शिकवले जाते. दुःख ऐकून घेतले जाण्याने रुग्णाला आराम मिळू शकतो, हे या प्रकरणातून दिसते. उपचाराची दिशा आणि नाव ठरवण्यात रुग्णाचाही वाटा असतो, हेही त्यातून स्पष्ट होते. त्याचबरोबर उपचार एका दिवशी संपत नाहीत, त्यानंतरच्या आधाराची तितकीच गरज असते आणि वृत्तांत लिहिताना अपयश झाकू नये, हे धडेही याच प्रकरणातून घेतले जातात. रुग्णाच्या गोपनीयतेवरील चर्चेतही त्याचा उल्लेख होतो.

१९५४ मध्ये पश्चिम जर्मनीने मानवतेचे सहाय्यक या मालिकेत पापेनहाइम यांचे टपाल तिकीट काढले. ते त्यांच्या समाजकार्याच्या गौरवार्थ होते. त्यांनी जमवलेला लेस आणि जाळीकामाचा संग्रह आईवडिलांच्या स्मरणार्थ व्हिएन्नातील उपयोजित कला संग्रहालयाला देण्यात आला. नॉय-इझेनबुर्ग येथील आश्रयगृहाच्या उरलेल्या वास्तूत आज त्यांचे स्मारक आहे.